अठरा जानेवारीची साठ खोकी

१. घटनेचं स्वरूप

एप्रिलमध्ये लष्कराचा एक ट्रक घाट उतरताना थांबला नाही. ब्रेकच्या सिलिंडरमधलं रबरी सील दगडासारखं कडक झालं होतं. चालकाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ते सील चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'वज्रबंध रबर' या कारखान्यातून गेलं होतं. कारखान्याच्या संगणकात त्या मालाची तारीख होती अठरा जानेवारी २०२४. म्हणजे माल तीन महिन्यांचा. लष्कराच्या प्रयोगशाळेने सील कापून बघितलं आणि कळवलं, हे रबर तीन वर्षांहून जुनं आहे. करारात या सीलला तीनच वर्षांचं आयुष्य दिलेलं.

कागद नवा, रबर जुनं. दोन्हींच्या मध्ये एकच माणूस उभा होता. गुणाजी तावडे, भांडारपाल, नोकरी एकतीस वर्षं. त्याने नव्या खोक्यांत जुना माल भरला असं ठरलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सगळे कामगार डबे उघडून बसलेले असताना, त्याला गेटपर्यंत चालवत नेलं.

गुणाजी तावडे माझे वडील.

चार महिने झाले. घाटकोपरच्या भटवाडीत आमच्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून झोपतात. कामाबद्दल विचारलं की उठून मोरीत जातात आणि नळ सोडतात.

ऑगस्टमध्ये लष्कराच्या डेपोने 'वज्रबंध'ला कळवलं की पुढचं कंत्राट हवं असेल तर मालसाठ्यासाठी आमच्या नियमांत बसणारं नवं सॉफ्टवेअर घ्या. तयार घ्यायचं की बांधून घ्यायचं, ते बाहेरच्या सल्लागाराकडून लिहून आणा. बैठक गुरुवारी, बावीस ऑगस्टला. त्याच बैठकीत कारखान्याचा चौकशी अहवालही स्वीकारला जाणार होता. निष्कर्ष: भांडारपालाची लबाडी. सही झाली की अहवाल पोलिसांकडे.

बाहेरची सल्लागार म्हणून मी गेले. लग्नानंतरचं आडनाव पालेकर. कुणी काही विचारलं नाही.

गुन्हेगार नुसता सापडून मला पुरणार नव्हता. माझ्या बापाला जसं सगळ्यांसमोरून चालवलं, तसंच त्यालाही चालवलेलं मला बघायचं होतं.

२. पर्याय

"तयार म्हणजे दुकानातला शर्ट आणि बांधून घेतलेलं म्हणजे शिंप्याकडचा. बरोबर ना, पोरी?" कारखान्याचे मालक भाऊ म्हणाले. वय सत्तर, कानात यंत्र.

"बरोबर. पण शर्ट लष्कराचा आहे, भाऊ. बटणं ते मोजणार."

तयार: एका कंपनीने लष्कराला माल पुरवणाऱ्यांसाठीच बनवलेलं. नियम आतच घातलेले. आपल्या सवयी त्याच्याप्रमाणे बदलायच्या.
हवं कुणाला: यज्ञेश. विक्री बघतो. भाऊंचा भाचा.

बांधून घेतलेलं: आपल्या गरजांची यादी द्यायची, त्याप्रमाणे कारखान्यातच लिहून घ्यायचं. आपल्या सवयी तशाच राहतात. चांगल्या आणि वाईटही.
हवं कुणाला: श्रेयस. गुणवत्ता प्रमुख. यादी त्याची.
लिहिणार कोण: दीप्ती. संगणक विभागात ती एकटीच. सध्याचं सॉफ्टवेअरही तिनेच लिहिलेलं.

बाबा सोडले तर मालाच्या नोंदी आणि पाठवणी या तिघांच्याच हातात. त्यांपैकी एकाने जुनं रबर नवं केलं होतं. सोमवार होता. हातात तीन दिवस.

३. संबंधितांची मतं

यज्ञेश. कपाळावर गंध, मनगटावर लाल दोरे. संगणकाला हात लावून तो हात कपाळाला लावतो, मग बसतो.

"मॅडम, रेडिमेड घ्या ना यार. आज घेतलं, उद्या चालू. एकदम झकास."

"जुनी माहिती त्यात चढवायची?"

"छे! नवीन फ्लॅट घेतल्यावर जुन्या घरातली झुरळं कुणी बरोबर नेतं का? पहिल्या दिवसापासून कोरी पाटी."

"तुम्हाला जुन्यात काही लपवायचंय?"

तो हसला, पण आधी त्याने दरवाजाकडे बघितलं. "गुणाजीकाकांचं वाईट वाटतं हो. पण आमची वाट लागली ना त्यांच्यामुळे."

श्रेयस. टेबलावर कागदाचा एक कपटाही नाही. मला बसायला सांगितलं ते स्वतः बसल्यावर.

"तयार सॉफ्टवेअरवाल्यांना आपलं काम कळत नाही. मी एक्केचाळीस गरजा काढल्यात. लेबलाच्या अक्षरांची उंची किती हवी, तेही आहे."

"मोठी मेहनत आहे."

"एकोणतिसावी वाचा. खंडेनवमीच्या पूजेसाठी यंत्रणा बंद ठेवू नये. दर वर्षी अर्धा दिवस वाया जातो."

"आधीच्या भांडारपालाशी तुमचं जमायचं?"

"गुणाजीशी?" त्याने चष्मा काढून पुसला. "एकतीस वर्षांत त्याला वाटायला लागलं होतं की भांडार त्याच्या बापाचं आहे. दोन वर्षांपूर्वी लष्कराच्या निरीक्षकासमोर त्याने माझा लॉट अडवला. तपासायला दिलेले नमुने या लॉटमधले नाहीत म्हणाला. सगळ्यांसमोर." चष्मा पुन्हा डोळ्यांवर. "असो. माणूस विसरतो."

दीप्ती. पहिल्या पाच मिनिटांत अगं-तुगंवर आली.

"बस गं. चहा घेशील? हा बघ, नोंदींचा इतिहास. कुणी तारखेच्या रकान्याला हात लावला असता तर नाव, वेळ, कुठल्या मशीनवरून, सगळं उमटलं असतं. जानेवारीपासून एकही बदल नाही."

"तू स्वतः पुसू शकतेस की."

"शकते," ती शांतपणे म्हणाली. "पण दर रात्री एक प्रत आपोआप भाऊंच्या घरच्या मशीनवर जाते. दोन्ही ताडून बघ."

मी ताडून बघितलं. दुपारभर. दोन्हीत एका अक्षराचाही फरक नव्हता.

म्हणजे तारीख कुणी बदललीच नव्हती. तरीही तीन वर्षं गायब होती.

४. मालाची प्रत्यक्ष पाहणी

अठरा जानेवारीची साठ खोकी. त्यांतली बावन्न लष्कराकडे गेली. आठ भांडारात पिवळी फीत लावून ठेवलेली.

मंगळवारी सकाळी मी ती उतरवून जमिनीवर ओळीने मांडली. पुठ्ठ्याची, हात-दीड हात लांबीची. प्रत्येकावर पांढरं लेबल, छापील तारीख १८-०१-२०२४. पहिल्या क्रमांकाच्या खोक्याचं लेबल जरा चुरगळलेलं. बाकीची सपाट.

आणि प्रत्येक खोक्याच्या वरच्या कोपऱ्यात हळदकुंकू.

या कारखान्यात हळदकुंकू कुठे नाही? प्रेसवर आहे, वजनकाट्यावर आहे, अग्निशामक नळकांड्यावरसुद्धा आहे. म्हणून तर चौकशी समितीला ते दिसलं नाही. मला दिसलं, कारण ही पूजा करून आलेले बाबा मी लहानपणापासून बघितलेत. खंडेनवमीला ते भांडारातल्या प्रत्येक खोक्याला एक बोट लावायचे. पाचशे असोत, सातशे असोत, प्रत्येकाला. संध्याकाळी घरी आले की उजव्या हाताचं मधलं बोट दोन दिवस लाल राहायचं.

वर्षाला एक बोट.

मी वाकून मोजलं. एक ठिपका फिकट, जवळजवळ तपकिरी. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा ताजा, लालभडक. तीन ठिपके, आठही खोक्यांवर.

जानेवारी २०२४ मध्ये जन्मलेल्या खोक्याने एकही खंडेनवमी बघितलेली असू शकत नाही. या खोक्यांनी तीन बघितल्या होत्या. एकवीस, बावीस, तेवीस. नव्या खोक्यांत जुना माल कुणी भरलाच नव्हता. खोकीच जुनी होती. नवं होतं ते फक्त लेबल.

लेबल लावण्यात एक गोष्ट होती. खोक्यावर लेबलासाठी चौकट छापलेली असते, वरच्या कोपऱ्यात; माल लष्कराकडे निघेपर्यंत ती कोरी राहते. आठही लेबलं चौकट सोडून चार बोटं खाली लावलेली. कुंकू झाकलं जाऊ नये म्हणून.

पाय कापला जाईल असा माल पाठवणारा माणूस कुंकवावर कागद चिकटवायला धजला नव्हता.

मला मनगटावरचे लाल दोरे आठवले.

५. बाहेरचे कंत्राटदार

पण यज्ञेशला पकडायचं तर आधी हे झालं कसं ते सांगावं लागणार होतं.

दीप्तीला विचारलं, "तारीख कुणी बदलत नाही ना? मग ती जन्मते कधी?"

"फिनिशिंगहून माल परत आला की." तिने कागदावर गोल काढला. "साच्यातून सील निघतं तेव्हा त्याच्या कडेला रबराची झालर असते. ती कापायला माल देवनारला बाळाकडे जातो. परत आला की तो तयार माल. त्या दिवशी त्याला नवा नंबर, नवी तारीख. आपोआप."

"आणि तीन वर्षं जुना, आधीच झालर कापलेला माल पुन्हा देवनारला पाठवला तर?"

तिने त्या गोलावरून पुन्हा पेन फिरवलं. मग हळूच म्हणाली, "तर परत येताना त्यालाही आजची तारीख मिळेल. अगं, हे भोक आहे हे मी दोन वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं. वर शेरा आला, पुढच्या वेळी बघू."

"शेरा कुणाचा?"

"श्रेयससरांचा. पण सगळ्याच गोष्टींवर त्यांचा तोच शेरा असतो."

बुधवारी सकाळी देवनार. डम्पिंगच्या बाजूने वारा होता. बाळाचं युनिट म्हणजे पत्र्याखाली चार यंत्रं. बाळा कदम स्वतः जमिनीवर बसून झालरी वेचत होता.

"जानेवारी? साठ खोकी?" त्याने चलनांचं पुडकं काढलं. "हां, ही बघा. सतराला आली, अठराला गेली."

"एका दिवसात साठ खोकी होतात?"

"चार दिवस लागतात, ताई. ही उघडलीच नाहीत. टेम्पोतून उतरवली पण नाहीत."

"कुणी सांगितलं तसं?"

"ऑफिसातून फोन. चुकून आलाय माल, न उघडता परत धाडा."

"आवाज कुणाचा?"

"नाव नाय सांगितलं. बाप्याचा आवाज, एवढं नक्की. आणि तोंड लय गोड. आमच्याशी कोण असं 'कृपया' म्हणतंय का?"

म्हणजे दीप्ती सुटली.

बाळाने चलन माझ्या हातात दिलं. जाताना आणि येताना, दोन्ही ठिकाणी 'वज्रबंध'तर्फे सही. ग ला मोठी वेलांटीसारखी शेपटी. ही सही माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं होती.

भांडारपाल सगळ्यावरच सही करतो, मी स्वतःला सांगितलं. आणि कागदाची घडी घातली.

६. गरजांची यादी

बुधवारी दुपारी श्रेयसची यादी पुन्हा वाचली.

७. लेबलाच्या अक्षरांची उंची चार मिलिमीटर.
१२. भांडाराचं तापमान दर दोन तासांनी नोंदवावं.
१९. उंदरांचा उपद्रव आढळल्यास वेगळा रकाना.
२९. पूजेसाठी यंत्रणा बंद नको.
४१. पडद्याची पार्श्वभूमी फिकट हिरवी.

एक्केचाळीस वाचून झाल्या. पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. परत आलेल्या मालाबद्दल कुठेच काही नव्हतं.

या कारखान्याचा सगळा माल देवनारला जातो आणि परत येतो. उंदरांना रकाना देणारा माणूस परतीला रकाना देत नाही. त्याला हे भोक माहीत नव्हतं म्हणावं, तर दीप्तीने ते त्यालाच लिहून दिलेलं. तो विसरला नव्हता. नव्या सॉफ्टवेअरमध्येही त्याला ते हवं होतं.

मग तयार सॉफ्टवेअर उघडून बघितलं. लष्करासाठीच बनवलेलं, त्यामुळे मालाची जन्मतारीख साच्यातून निघाल्याच्या दिवशी बसते. तो दहा वेळा बाहेर जाऊन आला तरी तीच राहते.

यज्ञेश ज्या सॉफ्टवेअरसाठी जीव टाकत होता, त्यात हे भोक बुजलेलं होतं. ज्याला भोकातून जायचंय तो बूच कशाला विकत आणेल? दीप्तीकडे चौकशी केली. यज्ञेशला सध्याच्या यंत्रणेत प्रवेशच नव्हता. तीन वेळा पासवर्ड विसरला म्हणून तिने दीड वर्षापूर्वी बंद केलेला. आणि जुनी माहिती चढवायला तो का घाबरत होता, तेही तिनेच हसत सांगितलं. ते सॉफ्टवेअर त्याचा साडू विकतो. माहिती चढवायचं काम साडूला येत नाही.

राहिला श्रेयस. कारणही कागदांत होतं. डिसेंबरमध्ये सीलचा साचा तडकला. साचा ठणठणीत आहे असा दाखला त्याने महिन्याभरापूर्वीच दिलेला. जानेवारीची खेप वेळेत गेली नसती तर तो दाखला बाहेर आला असता. नवा माल बनवणं शक्य नव्हतं. जुना पडून होता.

फक्त एक गोष्ट बसत नव्हती. पूजेला अर्धा दिवस न देणारा माणूस कुंकू वाचवायला लेबल खाली का लावेल?

त्याच्याकडे मी दुर्लक्ष केलं. मला घाई होती. उद्या त्याला चालवायचं होतं.

७. सादरीकरण

गुरुवार, सकाळी अकरा. भाऊ, यज्ञेश, दीप्ती, श्रेयस. समोर डेपोचे कर्नल. शांत गृहस्थ, मराठी स्वच्छ. माझ्या सांगण्यावरून आठ खोकी टेबलाशेजारी आणून ठेवलेली.

मी सगळं सांगितलं. ठिपके, देवनार, चार दिवसांचं काम एका दिवसात, 'कृपया' म्हणणारा आवाज, उंदरांचा रकाना, तडकलेला साचा. सांगताना मी एकदाही कर्नलकडे बघितलं नाही. श्रेयसकडेच बघत होते.

तो ऐकत होता. मी थांबल्यावर त्याने पाण्याचा एक घोट घेतला.

"छान. म्हणजे माल देवनारला जाऊन आला हे मॅडमनी सिद्ध केलं. आता चलन दाखवा ना. सही कुणाची आहे?"

मी दाखवलं नाही. कर्नलनी हात पुढे केला. मला द्यावं लागलं.

"गुणाजी तावडे," कर्नल वाचत म्हणाले. "दोन्ही वेळा."

"पाठवला गुणाजीने, घेतला गुणाजीने," श्रेयस म्हणाला. "मी यादीत एक ओळ विसरलो, त्याची काय शिक्षा असेल ती द्या. आणि तीन ठिपके? तीन ठिपके एका दिवसातही लावता येतात, सर. लावणारं बोटही त्याचंच."

भाऊंनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

"अजून एक." श्रेयसने खणातून जुना, पिवळा कागद काढला. भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज. "वारसाचं नाव वाचतो. मुलगी, कुमारी गंधाली गुणाजी तावडे. मॅडम, लग्नाआधीचं आडनाव काय तुमचं?"

कर्नल माझ्याकडे वळले.

"खरं आहे?" कर्नलनी विचारलं.

"हो."

"मग तुमचा अहवाल मला घेता येणार नाही." त्यांनी माझे कागद माझ्याकडे सरकवले. "साक्षीदार असेल तर आणा. मी पाचपर्यंत इथे आहे. पाचनंतर यांच्या अहवालावर सही करीन."

मी उठले. श्रेयसने उठून माझ्यासाठी दार उघडलं.

"कृपया," तो म्हणाला.

८. शिल्लक

भटवाडीत आई, वनमाला, दारात तांदूळ निवडत बसलेली. माझा चेहरा बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

बाबा भिंतीकडे तोंड करून. या वेळी त्यांना उठून जाता येऊ नये म्हणून मी मोरीच्या दारातच उभी राहिले.

"सगळं सांगितलं त्यांना. तरी तुमचीच सही निघाली. त्याने माझ्याच तोंडून तुम्हाला अडकवलं. आता तरी बोला."

बाबा उठून बसले.

"मी वळाखलंय ती खोकी," ते घरच्या मालवणीत म्हणाले. "जाताना सही केलंय तेव्हा वाटला, झालर परत कापूक जाता. पण लेबल लावूक टेम्पोतून उतरली तेव्हाच कळला. माझाच बोट होता ता. तीन-तीन वर्सांचा. न वळखूक काय झाला?"

आई जागची हलली नाही.

"मग सही का केलीत?"

"तो स्वतः आलो भांडारात. लेबलांचो गठ्ठो घेवन. मी म्हटलंय, साहेब, ह्यो माल जुनो. तो म्हणालो, मशीन नवीन म्हणता, तू कोण? चार कामगार बघत होते." बाबांनी तळवे गुडघ्यांवर ठेवले. "आधी एकदा लॉट अडवलंय, तेव्हा सा म्हयने माझ्याशी कोण बोलाक नाय. चायक पण कोण हाक मारी नाय. परत ती हिंमत झाली नाय माका. सही केलंय."

मला त्यांच्याकडे बघवेना. चार महिने मी एका निर्दोष माणसासाठी भांडत होते.

"फक्त एक केलंय," ते म्हणाले. "पयल्या खोक्यार तेणा लेबल चौकटीत लावल्यान. कुंकवार. माझा डोक्या फिरला. म्हटलंय, तारीख लपवा, माझी पूजा कित्याक लपवतास? काढा ता. काढल्यान तेणा. अंगठो घालून वडून काढल्यान आणि खाली चिकटवल्यान. मग पुढची सगळी खालीच."

मी मोरीच्या दारातून बाहेर आले. "तेच लेबल? तेच पुन्हा लावलं?"

"तेच. दुसरा खय आसा तेच्याकडे? मोजून साठ छापलेली."

"बाबा, ते पहिलं खोकं अजून आहे. तळाशी होतं, म्हणून उरलं."

"म्हायत आसा. थर वरसून उतरवतत."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललंय आसतंय तर कोणी आयकला आसता? वर माझीच कबुली. मी बुडालंय आसतंय, तो सुटलो आसतो." ते उभे राहिले. खुंटीवरचा सदरा घेतला. "आता तो सुटूचो नाय."

"तुमचं नाव जाईल, बाबा. माहीत असून सही केली म्हणजे..."

"जाव दे. एकटा नाय जावचा."

आई म्हणाली, "जेवून तरी जा."

"येवन जेवतंय," बाबा म्हणाले. चार महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच जेवणाचं नाव काढलं होतं.

९. पडताळणी

चार वाजून वीस मिनिटं. बाबा कारखान्याच्या गेटमधून आत शिरले तेव्हा प्रेसवरचे दोघे-तिघे उठून उभे राहिले. बाबांनी कुणाकडे बघितलं नाही.

कर्नलसमोर त्यांनी घरात सांगितलं तेच सांगितलं. शुद्ध मराठीत, ऑफिसातल्यासारखं, प्रत्येक वाक्यानंतर थांबून.

"तुम्हाला माल जुना आहे हे माहीत होतं?"

"होतं."

"तरी सही केलीत."

"केली. एका पोराचा पाय गेला. त्यात माझी सही आहे."

"काय ही नाटकं," श्रेयस म्हणाला. "सर, बापलेकींनी गाडीत बसून रचलंय हे."

"मी काय रचलंय ते खोक्यावर आहे," बाबा म्हणाले. "एक नंबरचं. लेबल सोडवा. मागून बघा."

कर्नलनी स्वतः गुडघे टेकले. खिशातून छोटा चाकू काढला, लेबलाची कड उचलली आणि हळूहळू, एखादी जखमेची पट्टी सोडवावी तसं ते सोडवत आणलं. उलटं करून टेबलावर ठेवलं.

मागच्या डिंकावर तीन लाल डाग होते. कुंकू. दोन पुसट. आणि तिसऱ्याच्या वर, खालच्या कडेपाशी, अर्धगोल रेषांचा एक ठसा. डिंकात कुंकू आणि कुंकवात अंगठा. सात महिने कागदाखाली हवा न लागलेला.

"गुणाजींचाही असू शकतो," श्रेयस म्हणाला. त्याचा आवाज अजून गोड होता.

बाबांनी शाईचा पॅड जवळ ओढला, अंगठा दाबला आणि कोऱ्या कागदावर उठवला. मग पॅड श्रेयसकडे सरकवला.

पॅड त्याच्यासमोर होता. सगळे बघत होते. दीप्ती बघत होती. यज्ञेशने गंध लावलेलं कपाळ दोन्ही हातांत धरलं होतं.

श्रेयसने हात टेबलाखाली घेतले.

"भाऊ, मी हे कारखान्यासाठी केलं," तो म्हणाला. "खेप चुकली असती तर..."

"कारखान्यासाठी गुणाजीला का दिलास मग?" भाऊ म्हणाले. एवढ्या मोठ्याने की बाहेरची यंत्रं थांबल्यासारखी वाटली. "सांगायचं होतंस मला! त्याच्या गळ्यात का घातलंस?"

श्रेयसने बाबांकडे बघितलं. "त्याने निरीक्षकासमोर माझी लायकी काढली होती," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

कर्नलनी दोन कोरे कागद काढले. एक श्रेयससमोर, एक बाबांसमोर. "दोघांनीही लिहायचं. दोघांचीही नावं जातील. गुणाजी, तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय," बाबा म्हणाले आणि लिहायला बसले. लिहिताना त्यांची मान पार खाली जाते, नाक कागदाला लागेल इतकी.

भाऊंनी दरम्यान मला विचारलं, "मग आता घ्यायचं कुठलं, पोरी? तयार की शिवून?"

मी सल्लागार राहिले नव्हते. उत्तर बाबांनी दिलं, मान वर न करता.

"कुठलंही घ्या. तो माल परत आत घेतला तेव्हा पडद्यावर एकच बटण होतं. 'स्वीकारले'. दुसरं द्या. 'नाही' म्हणायचं. आणि ते दाबलं की सरळ डेपोत कळू द्या, मधे कुणाच्या टेबलावर नको."

दीप्ती लिहून घेत होती.

पाच वाजता श्रेयसला खाली नेलं. पाळी सुटत होती, चाळीसेक माणसं अंगणात डबे घेऊन उभी. बाजूने जायला दुसरा रस्ताही होता. कर्नलनी विचारलं, कुठून न्यायचं. भाऊ म्हणाले, समोरून.

मी जिन्यात उभी राहून शेवटपर्यंत बघितलं.

१०. शेरा

परत जाताना रिक्षा केली. बाबांच्या खिशात त्यांच्या जबाबाची प्रत होती, घडी घातलेली. पोलीस पुढच्या आठवड्यात त्यांनाही बोलावणार होते. कदाचित खटला, कदाचित माफीचा साक्षीदार. कर्नल म्हणाले, माझ्या हातात नाही.

मला जे हवं होतं त्यातलं अर्धं मिळालं होतं. बापाचं नाव धुऊन निघालं नव्हतं.

"बाबा, वाईट वाटतंय?"

ते बाहेर बघत होते. पवईच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा माझ्याकडे वळले. चार महिन्यांनंतर त्यांचे डोळे नीट उघडलेले दिसले.

"तेचा तोंड बघलंस?"

"बघितलं."

"अंगठो मागितलंय तेव्हाचा? आणि खाली नेला तेव्हाचा?"

"दोन्ही."

"मी मान खाली घालून लिवत होतंय. माका दिसला नाय." ते सरकून माझ्याजवळ बसले. "सांग. पयल्यापासून."

सिग्नल सुटला. मी सांगायला लागले. आधी ओठ कसे कोरडे पडले. मग हात टेबलाखाली कसे गेले. कुंकवाचा ठसा बघताना पापण्या कशा हलायच्या थांबल्या. अंगणात पहिला कामगार बाजूला झाला तेव्हा त्याने चष्मा काढला, आणि पुसायला खिशात रुमालच नव्हता.

"सावकाश," बाबा म्हणाले. "घाटकोपर लांब आसा."